बंदर, बाजार आणि हजेरीपट



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. शाळेच्या आठवणी इतर लोक माझ्यापेक्षा छान लिहितील याची खात्री होती. गेली तेवीस वर्षं मी जे काही लिहिते आहे ते यंत्रांना समजावं म्हणून. माणसांसाठी लिहायची सवय मोडली आहे. मग आठवलं की इतिहासाच्या बाईंचा एक गृहपाठ माझ्याकडून राहून गेला होता. नववीत बाईंनी सांगितलं होतं, कुठलंही एक गाव घ्या आणि त्याचा इतिहास लिहा. राजाचं नाव पुस्तकात मिळेल, पण त्या गावाचं पोट कशावर भरत होतं आणि राबत कोण होतं ते तुम्ही शोधा. मी तेव्हा गाईडमधून प्रतापगड उतरवून काढला होता. बाईंनी वहीवर सही केली, पण शेरा काही दिला नाही. तो गृहपाठ आज, तीस वर्षांनी, देते आहे. बाई, उशिराबद्दल क्षमस्व.

गाव आपल्याकडचं नाही. कंपनीच्या कामासाठी मला सहा महिने जर्मनीच्या दक्षिण टोकाला राहावं लागलं. गाडीच्या गिअरबॉक्सला कधी कोणता गिअर टाकायचा हे सांगणारं सॉफ्टवेअर तपासणं, हे माझं काम. गावाचं नाव फ्रीडरिशहाफेन. जीभ वळायला मला आठवडा लागला. ‘हाफेन’ म्हणजे बंदर. समुद्र तिथून कित्येक शे किलोमीटर लांब, आणि तरीही बंदर! कारण समोर आहे तो बोडनझे, ज्याला आपल्या भूगोलाच्या पुस्तकात कॉन्स्टन्स सरोवर म्हणतात.

हे सरोवर ६३ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत खोल जागी सुमारे २५१ मीटर खोल. क्षेत्रफळ ५३६ चौरस किलोमीटर. आल्प्समधून उतरणारी ऱ्हाईन नदी एका बाजूने त्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. काठ तीन देशांचा आहे: जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया. मी पोचले ती मार्चच्या सुरुवातीला. पहिल्या रविवारी धक्क्यावर गेले तर पाणी निळंशार, पलीकडे स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर, पांढऱ्या बोटी आणि काठाकाठाने बाकडी मांडलेला लांबच लांब रस्ता. पर्यटकांच्या हातात आईस्क्रीम. मी घरी व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांना दाखवलं. आई म्हणाली, “एवढं स्वच्छ? तिथे कुणी राहतं की नाही?”

आईचा प्रश्न बाईंच्या प्रश्नाच्या जवळचाच होता. म्हणून पुढचे रविवार मी त्याच्यामागे लागले.

जुनं गाव, नवं नाव

आजचं नाव जेमतेम दोनशे वर्षांचं आहे. त्याआधी इथे बुखहॉर्न नावाचं छोटंसं तटबंदीचं गाव होतं. त्याचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ८३८ मधला. तेराव्या शतकात त्याला ‘स्वतंत्र शाही नगर’ असा दर्जा मिळाला, म्हणजे मधल्या कुठल्या सरदाराची चाकरी नाही, थेट सम्राटाशी संबंध. पण दर्जा मोठा आणि खिसा छोटा अशी या गावाची गत होती. धान्य आणि मीठ बोटींवर चढवायचं आणि पलीकडे स्वित्झर्लंडला पोचवायचं, यावर गावाचं पोट चाले. शेजारी होफेन नावाच्या वस्तीत ख्रिस्ती मठ होता. त्याचं चर्च १७०१ च्या सुमारास पुरं झालं. त्याचे कांद्याच्या आकाराचे घुमट असलेले ५५ मीटर उंच दोन मनोरे आजही गावाची खूण आहेत. बोटीतून परत येताना सगळ्यात आधी दिसतात ते तेच.

नेपोलियनच्या काळात युरोपच्या नकाशाची उलथापालथ झाली. बुखहॉर्न आधी बव्हेरियाकडे गेलं आणि १८१० मध्ये व्युर्टेम्बर्गच्या राज्यात आलं. व्युर्टेम्बर्गला समुद्र नव्हताच, त्यामुळे सरोवराचा हा छोटासा काठ म्हणजेच त्याचं बंदर. १८११ मध्ये राजा पहिला फ्रीडरिश याने बुखहॉर्न आणि होफेन एकत्र केलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. फ्रीडरिशहाफेन म्हणजे फ्रीडरिशचं बंदर. पुढे मठाचा राजवाडा झाला. राजघराणं उन्हाळ्यात इथे येऊ लागलं आणि त्यामागोमाग इतर बडी मंडळीही. महाबळेश्वरला गव्हर्नर जाऊ लागला आणि मागोमाग बंगले उभे राहिले, तसंच काहीसं. या गावाचं पर्यटन असं सुरू झालं.

१८२४ मध्ये इथून ‘विल्हेल्म’ नावाची वाफेची बोट नियमित फेऱ्या करू लागली. १८४७ मध्ये राफेन्सबुर्गपासून इथपर्यंत रेल्वे आली आणि १८५० मध्ये ती उल्म शहराशी जोडली गेली. आपल्या बोरीबंदर–ठाणे गाडीच्या (१८५३) आधीची ही गोष्ट आहे. १८६९ पासून तर रेल्वेचे डबेच्या डबे बोटीवर चढवून पलीकडच्या रोमान्सहोर्नला नेत. ती सोय १९७६ पर्यंत चालली. आता तिथे मोटारी नेणारी फेरीबोट आहे. पाऊण तासात आपण दुसऱ्या देशात.

एका म्हाताऱ्याचं वेड

या गावाचं नाव जगभर झालं ते मात्र पाण्यामुळे नाही, हवेमुळे. काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन हा लष्करातून निवृत्त झालेला अधिकारी. जन्म १८३८, याच सरोवराकाठच्या कॉन्स्टन्स शहरातला. निवृत्तीनंतर त्याने ध्यास घेतला तो हवेत चालवता येईल अशा प्रचंड फुग्याचा. साधा फुगा वारा नेईल तिकडे जातो. झेपेलिनने ॲल्युमिनियमचा लांबलचक सांगाडा केला, त्यावर कापड ताणलं, आत हायड्रोजनच्या वेगवेगळ्या पिशव्या ठेवल्या आणि बाहेर इंजिनं लावली.

इथे सरोवर कामाला आलं. एवढं मोठं विमान शेडमधून काढताना आडवा वारा लागला तर सांगाडा मोडायचा. म्हणून त्याने शेडच पाण्यावर तरंगती बांधली. वारा ज्या दिशेचा त्या दिशेला शेड आपोआप वळायची. एका इंजिनिअरला दुसऱ्याबद्दल आदर वाटावा असा हा तोडगा आहे. २ जुलै १९०० रोजी गावाजवळच्या मानत्सेलच्या खाडीत त्याचं पहिलं १२८ मीटर लांबीचं हवाई जहाज उडालं. उड्डाण सुमारे अठरा मिनिटांचं. तेव्हा त्याचं वय बासष्टला टेकलेलं.

पैसे संपले, जहाजं मोडली, लोक हसले. ५ ऑगस्ट १९०८ रोजी त्याचं चौथं जहाज स्टुटगार्टजवळ एख्टरडिंगेन इथे जमिनीवर उतरलेलं असताना वादळात सापडलं आणि जळून खाक झालं. सगळं संपलं असं वाटत असतानाच उलटं झालं. देशभरातून लोकांनी आपणहून पैसे पाठवायला सुरुवात केली. श्रीमंतांनी पाठवले तसे शाळकरी पोरांनीही आपल्या गल्ल्यातले पाठवले. बघता बघता साठ लाख मार्कांहून जास्त रक्कम जमली. त्यातून कंपनी उभी राहिली आणि एक प्रतिष्ठानही स्थापन झालं. त्या प्रतिष्ठानाच्या कागदात एक कलम होतं: पुढेमागे हवाई जहाजांचं काम चालू ठेवणं शक्य झालं नाही, तर ही मालमत्ता फ्रीडरिशहाफेन गावाकडे जावी आणि लोकोपयोगी कामाला लागावी. हे कलम लक्षात ठेवा.

मग गावात कारखान्यांची रांगच लागली. जहाजाला इंजिन हवं म्हणून मायबाख आले. इंजिनाला दातेरी चाकं हवीत म्हणून १९१५ मध्ये झेडएफ निघाली. त्यातलं ‘झेड’ म्हणजे जर्मन भाषेत दातेरी चाकच. झेपेलिनकडे नोकरीला लागलेल्या क्लॉड डोर्निए नावाच्या इंजिनिअरने पुढे स्वतःची विमानं बनवली. त्याच्या नावाचं ‘डोर्निए २२८’ हे विमान आपल्या कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनतं आणि आपलं तटरक्षक दल ते वापरतं. म्हणजे कोकण किनाऱ्यावर घिरट्या घालणाऱ्या विमानाचं आजोळ हे गाव!

१९२८ चं ‘ग्राफ झेपेलिन’ हे २३६ मीटर लांबीचं जहाज १९२९ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. १९३६ मध्ये त्याहून मोठं ‘हिंडेनबुर्ग’ इथेच तयार झालं. ६ मे १९३७ रोजी ते अमेरिकेत उतरताना पेटलं आणि ३६ माणसं गेली. हवाई जहाजांचं युग तिथेच संपलं. बंदरावरच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत १९९६ पासून झेपेलिन संग्रहालय आहे. हिंडेनबुर्गचा ३३ मीटरचा भाग तिथे जसाच्या तसा पुन्हा बांधला आहे. आपण जिना चढून आत जायचं आणि त्या काळच्या झोपायच्या खोल्या बघायच्या. तिथल्या बिछान्याची रुंदी आपल्या रेल्वेच्या बर्थएवढीच असावी.

एवढं लिहून मी गृहपाठ संपवला असता. राजा झाला, शोध झाले, सनावळी झाली. पण बाईंच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिला होता.

धक्क्यावरचा बाजार

एप्रिलमध्ये कामावरच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला घरी जेवायला बोलावलं. त्यांचं मूळ घर ऑस्ट्रियाच्या डोंगरात. बोलता बोलता मी बंदर किती सुंदर आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, माझे पणजोबा नऊ वर्षांचे असताना त्याच बंदरावर उतरले होते, गुरं राखायला.

मला वाटलं, एखादी घरगुती गोष्ट असेल. पण तो या भागाचा इतिहासच निघाला.

आल्प्समधल्या टिरोल, फोरार्लबर्ग, ग्राउब्युंडेन या भागांत शेती तुटपुंजी. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडलेले. घरात खाणारी तोंडं जास्त. सरोवराच्या उत्तरेला, जर्मनीच्या बाजूला, मात्र शेतं मोठी, कारण तिथे जमीन न वाटता एकाच वारसाकडे जायची. तिथे हात कमी पडत. म्हणून सतराव्या शतकापासून दर वर्षी मार्च महिन्यात, सेंट जोसेफच्या सणाच्या सुमाराला, डोंगरातली मुलं पायी निघत. वय सहा-सात ते चौदा. बरोबर बहुधा एखादा पाद्री किंवा गावातला मोठा माणूस. खिंडीत अजून बर्फ असे. राफेन्सबुर्ग आणि फ्रीडरिशहाफेनसारख्या गावांत त्यांचा बाजार भरे. शेतकरी येत, मुलाचे दंड-पोटऱ्या बघत आणि हंगामाचा सौदा ठरवत. मुलांनी गुरं राखायची, मुलींनी घरकाम करायचं आणि तान्ही पोरं सांभाळायची. नोव्हेंबरमध्ये, सेंट मार्टिनच्या सणाला, सुटका. मोबदला म्हणजे थोडे पैसे, बूट आणि दोन जोड कपडे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दर वर्षी काही हजार मुलं अशी येत. त्यांना ‘श्वाबनकिंडर’ म्हणत, म्हणजे श्वाबियाला जाणारी मुलं.

१८८४ मध्ये आर्लबर्ग डोंगरातून रेल्वेचा बोगदा झाला. मग मुलं आगगाडीने ब्रेगेन्झपर्यंत आणि तिथून आगबोटीने फ्रीडरिशहाफेनच्या धक्क्यावर येऊ लागली. १८९१ पासून त्यांची ने-आण आणि करार बघणारी एक संस्था होती, त्यामुळे थोडी शिस्त आली. पण बाजार तो बाजारच. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्याला गुलामांचा बाजार म्हटलं आणि मोठा गवगवा झाला.

सन बघा: १९०८. ज्या वर्षी साऱ्या देशाने एका जळालेल्या जहाजासाठी साठ लाख मार्क गोळा केले, त्याच वर्षी त्याच गावात आठ-नऊ वर्षांची मुलं हंगामासाठी भाड्याने जात होती. एका शाळकरी मुलाने गल्ला फोडून जहाजाला पैसे दिले, आणि त्याच्याच वयाचा दुसरा मुलगा शेजारच्या शेतावर पहाटे चारला गोठ्यात होता. दोन्ही खरं आहे. पहिली गोष्ट मला संग्रहालयात लगेच सापडली. दुसरीसाठी मला कुणाच्या तरी घरी जेवायला जावं लागलं.

हा बाजार १९१५ मध्ये बंद झाला. मुलांचं येणं पूर्ण आटलं ते १९२१ नंतर. कारण काय असेल? त्या वर्षापासून व्युर्टेम्बर्गमध्ये बाहेरून आलेल्या मुलांनाही शाळेची सक्ती लागू झाली. तोपर्यंत सक्ती फक्त गावच्या मुलांना होती. शाळेत पाठवावं लागणार म्हटल्यावर ही मुलं शेतकऱ्यांना परवडेनाशी झाली. दोन-तीनशे वर्षं जे कुणाला थांबवता आलं नव्हतं, ते शेवटी हजेरीपटाने थांबवलं.

राख आणि कलम

पुढचा भाग लिहायला जड आहे, पण तो वगळला तर गृहपाठ पुन्हा अपुरा राहील. दुसऱ्या महायुद्धात हे सगळे कारखाने युद्धाच्या कामाला लागले. मायबाखची इंजिनं रणगाड्यांत, डोर्निएची विमानं बॉम्ब टाकायला. झेपेलिनच्या कारखान्यात रडार आणि व्ही-२ रॉकेटचे भाग बनत. कामाला माणसं कमी पडली तेव्हा पकडून आणलेले परदेशी मजूर आणि डाखाउ छळछावणीचे कैदी आणले गेले. एवढे कारखाने एका ठिकाणी म्हटल्यावर बॉम्बहल्ले होणारच होते. सगळ्यात मोठा हल्ला २८ एप्रिल १९४४ रोजी मध्यरात्रीनंतर झाला आणि जुनं गाव जवळजवळ नाहीसं झालं. मला इतकं नीटनेटकं वाटलेलं हे गाव बहुतांशी १९४५ नंतरचं आहे. चर्चसुद्धा जळालं होतं, नंतर पुन्हा उभारलेलं आहे.

हल्ल्यानंतर कारखाने जमिनीखाली न्यायचं ठरलं. ऑक्टोबर १९४४ पासून सुमारे ८०० कैद्यांकडून पश्चिमेकडच्या युबरलिंगेन गावाजवळ खडकात बोगदे खोदून घेतले गेले. लांबी जवळजवळ चार किलोमीटर. त्यातले किती तरी जिवंत परतले नाहीत. जवळच बिर्नाउ नावाचं सुंदर चर्च आहे, द्राक्षांच्या मळ्यात, सरोवराकडे तोंड करून. पर्यटकांच्या प्रत्येक यादीत असतं. तिथून थोडं चालत गेलं की एक छोटी दफनभूमी लागते. त्यात या कैद्यांपैकी ९७ जण पुरलेले आहेत. मी गेले त्या दिवशी चर्चजवळ बसगाड्यांची गर्दी होती आणि इथे मी एकटी.

आता ते कलम. युद्ध संपलं, हवाई जहाजं इतिहासजमा झाली होती. १९४७ मध्ये प्रतिष्ठानाची मालमत्ता कलमाप्रमाणे गावाकडे आली. आज झेडएफ या जगभर पसरलेल्या कंपनीचा बहुतेक हिस्सा या प्रतिष्ठानाकडे, म्हणजे पर्यायाने गावाकडे आहे. नफ्यातला वाटा बालवाड्या, आरोग्य, संस्कृती असल्या कामांना जातो. १९०८ मध्ये कुणीतरी कागदावर दोन ओळी नीट लिहिल्या आणि चाळीस वर्षांनी त्या ढिगाऱ्यातल्या गावाला उपयोगी पडल्या. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना ‘हे चाललं नाही तर पुढे काय’ ते लिहून ठेवतो, तसलंच हे.

आणखी एक गोष्ट. १९४९ मध्ये गावाने मुलांसाठी एक उत्सव सुरू केला, ‘झेहाझेनफेस्ट’. दर जुलैला भरतो. कल्पना अशी की सरोवरात एक ससा राहतो, तो बोटीतून बंदरावर येतो आणि शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांना खाऊच्या पिशव्या देतो. मी तो बघितला. धक्क्यावर तोबा गर्दी, बँड वाजतोय, पहिलीतली पोरं बापाच्या खांद्यावर. पन्नास-साठ वर्षं आधी याच गावात बोटीतून मुलं उतरायची आणि धक्क्यावर शेतकरी उभे असायचे. उत्सव सुरू करणाऱ्यांच्या मनात ते होतं की नाही, मी सांगू शकत नाही. माझ्या मनात मात्र तेच होतं.

कधी गेलात तर

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता जर्मनीत शिकतात, म्हणून थोडक्यात. बंदराच्या टोकाला २२ मीटर उंचीचा मनोरा आहे, त्यावर चढा. हवा स्वच्छ असेल तर समोर सेंटिस शिखर दिसतं. झेपेलिन संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. विमानतळाजवळ डोर्निए संग्रहालय आहे. आजही हेलियम भरलेलं छोटं झेपेलिन पर्यटकांना घेऊन सरोवरावरून फिरतं, पण तिकीट भारी आहे. मी खालूनच हात केला. बोटीने पूर्वेला लिंडाउला जा. तिथे बंदराच्या तोंडाशी एका बाजूला दगडी सिंह आणि दुसऱ्या बाजूला दीपगृह आहे, दोन्ही १८५६ ची. पश्चिमेला उंटरउल्डिंगेनला पाण्यात खांब रोवून अश्मयुगातली आणि कांस्ययुगातली घरं पुन्हा बांधून दाखवली आहेत. मासे खात असाल तर ‘फेलखेन’ मागवा. आणि बिर्नाउला गेलात तर ती दफनभूमी चुकवू नका.

तासाभराच्या अंतरावर वोल्फेग नावाचं खेडं आहे. तिथे जुन्या शेतघरांचं संग्रहालय आहे आणि त्यात २०१२ पासून श्वाबनकिंडरचं कायमचं प्रदर्शन आहे. सहकारी बाई मला मुद्दाम घेऊन गेल्या. तिथल्या लोकांनी जुन्या चोपड्या, चर्चची दप्तरं, प्रवासाचे कागद धुंडाळून हजारो मुलांची नावं संगणकावर घातली आहेत. नाव, गाव, वय, कुठल्या वर्षी कुठल्या शेतावर. माझं सगळं आयुष्य असल्या तक्त्यांत गेलं, पण एखादा तक्ता बघून डोळ्यांत पाणी येण्याची ही पहिलीच वेळ. बाईंनी पणजोबांचं नाव टाकलं आणि ते निघालं. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं त्या ओळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

आता विनंती

तिथून परतताना गाडीत मला आपली पाचवी ‘ब’ आठवली. १९९० ची दिवाळी झाली होती. कारखान्याचं बॉयलर पेटलं होतं आणि मळीचा वास वर्गापर्यंत यायला लागला होता. तेव्हा एक मुलगी वर्गात आली. बीडकडची. आईवडील ऊसतोडीला आलेले, नदीपलीकडच्या मळ्यात कोपी घातलेली. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत हलता येत नव्हतं. ती मुलींच्या रांगेत शेवटच्या बाकावर बसायची, माझ्या मागे. बोटं उसाच्या पाचटाने चिरलेली असायची. तिचं नाव पटावर पक्कं नव्हतं, खाली पेन्सिलीने लिहिलेलं. पाढे मात्र तिचे तिसापर्यंत तोंडपाठ. एकदा एकोणतीसच्या पाढ्याला मी अडखळले तेव्हा तिने मागून हळूच सांगितलं आणि मी बसले.

काही दिवस ती यायची, काही दिवस धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर राहायची. मार्चमध्ये कारखाना बंद झाला आणि बाक रिकामा झाला. वार्षिक परीक्षेला ती नव्हती. आपल्यापैकी कुणी विचारलंही नाही. मीही नाही. आपण ज्या गावात वाढलो त्याचं पोट त्या कारखान्यावर भरत होतं. माझ्या वडिलांच्या उसाच्या बिलातून माझी इंजिनिअरिंगची फी गेली. तो ऊस कुणी तोडला, हे मला परक्या देशात एक तक्ता बघून सुचावं, याची लाज वाटते.

आपल्या ग्रुपवर १९९६ च्या दहावीची यादी झाली. सगळे सापडले, दुबईतला सापडला, सैन्यातला सापडला. जे आपल्यात राहिले नाहीत त्यांचे फोटोही लावले. तिचं नाव यादीत नाही, कारण ती दहावीला नव्हतीच. मी खूप आठवलं, मला तिचं पहिलं नावसुद्धा आठवत नाही. चेहरा आठवतो, हिरवी रिबीन आठवते.

म्हणून विनंती अशी. पाचवी ‘ब’च्या कुणाला तिचं नाव आठवत असेल तर मला कळवा. गुरुजनांना विनंती की शाळेच्या जुन्या कपाटात १९९०-९१ चे हजेरीपट असतील तर मेळाव्याच्या दिवशी ते बघू द्यावेत. फक्त तिच्यासाठी नाही. प्रत्येक हंगामात अशी दोन-चार मुलं पेन्सिलीने लिहिलेली असणार. ती सगळी नावं एका वहीत पक्की लिहून काढू. तक्ता मी करून देईन, तेवढं मला येतं. कदाचित त्यातली एखादी सापडेल आणि पुढच्या मेळाव्याला येईल. नाही सापडली तरी शाळेच्या इतिहासात तिची ओळ असेल.

बाई, गृहपाठ लांबला. या वेळी शेरा द्या.

आपली,
दहावी ‘ब’, १९९६ ची एक विद्यार्थिनी